बटण बंद होतं

१

भीमसिंग आडे गेले तेव्हा दिव्याचं बटण बंद होतं. सगळा घोळ त्या बटणाने केला.

ते चालू असतं तर पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं असतं, तांडा रडला असता आणि विषय संपला असता. पण बटण बंद, आणि माणूस मेला करंटने. हे काही कुणाच्या डोक्यात बसेना.

झालं होतं ते एवढंच. पुसदजवळच्या त्या बंजारा तांड्यात आड्यांच्या घरी लग्न होतं, एकुलत्या एक शामचं. घराला नवा रंग, नवी वायरिंग, बैठकीच्या एका भिंतीला चकचकीत पॅनल आणि छताला पितळी झुंबर. त्या सकाळी झुंबरातला एक बल्ब लुकलुकायला लागला, म्हणून भीमसिंग लोखंडी स्टुलावर चढले. पाय अनवाणी, आणि कूलर गळून खालची फरशी ओली. बल्ब काढून नवा बसवताना बोट होल्डरच्या आत लागलं आणि ते धाडकन खाली आले. परत उठले नाहीत.

ठाणेदाराचा हिशेब सरळ होता. बटण बंद असताना करंट येत नाही. म्हणजे भीमसिंग वर असताना कुणीतरी ते दाबलं आणि काम झाल्यावर पुन्हा बंद केलं. घरात त्या वेळी बाप आणि लेक दोघंच. शिवाय त्याच सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं, ते शेजारच्या भुरीबाईने भिंतीपलीकडून ऐकलेलं. शामला ठाण्यात नेऊन बसवलं.

विद्युत निरीक्षक कार्यालयातून संगीता चव्हाण आल्या त्या अशा वेळी. ठाणेदारांनी त्यांना दारातच गाठलं.

"मॅडम, तुमच्या अहवालावर आहे सगळं. वायरिंग बरोबर असेल तर पोरानं मारलं. चूक असेल तर वायरमननं. दोघांपैकी एक तर आत जाणारच."

संगीताबाई मूळच्या अशाच एका तांड्यातल्या, माहेर दिग्रसकडचं. नोकरीत करंटने गेलेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, आणि दर वेळी घरचे एकच म्हणायचे, दिवा तर लागत होता ना! ते वाक्य कानावर पडलं की त्यांचं टाळकं सरकायचं.

"अहवालात मी जे दिसेल ते लिहीन," त्या म्हणाल्या. "आत कोण जाईल ते तुम्ही बघा."

२

हंसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नवऱ्याचा चष्मा त्यांच्या मांडीवर होता. दवाखान्यातून कपड्यांबरोबर तो परत आला होता, एक काडी काळ्या पट्टीने बांधलेली. बाया भोवती होत्या, पण हंसाबाईंच्या डोळ्यांतलं पाणी केव्हाच आटलं होतं.

"याडी," संगीताबाईंनी आईला हाक मारतात तशी हाक मारली आणि समोर मांडी घातली. "मी दिव्याचं पाहायला आली. बोलशील माझ्याशी?"

"बोलतो ना पोरी. बोलून माहा शाम घरी येत असंल तं रातभर बोलतो." मग हातातल्या चष्म्याकडे पाहत म्हणाल्या, "ह्या चष्म्यावर बसले होते पाह्य, पॅनल लावले त्या दिवशी. काडी मोडली. म्या म्हटलं, नवा घ्या, व्याही येतीन घरी. तं म्हणे, कायले? कुठून तरी बांधून आणला अन् मले दाखवून राह्यले, पाह्य कसा झाला." एवढं बोलून त्यांना पुन्हा रडू आलं. संगीताबाईंनी त्यांना रडू दिलं.

"भांडण कशाचं होतं, याडी?"

"शाम म्हणे, लगन झालं का पुसदले राह्यतो. हे म्हणे, एवढं घर सजवलं कोनासाठी? झालं. बापलेकाचं असतंच ना बाई. चहा पेताना दोघं हासत होते."

"आणि वायरिंग कुणी केली?"

हंसाबाई गप्प झाल्या. बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. संगीताबाईंना त्या गप्पपणाचा अर्थ कळला. वायरमन चुकला असं म्हटलं की पोरगा सुटत होता. एका शब्दाचं काम होतं आणि तो शब्द बाईच्या जिभेवर आला होता.

"जमीरनं," त्या शेवटी म्हणाल्या. "कय्युम मिस्त्रीचा पोरगा. लहानपणापासून पाह्यलं त्याले. अन् खोटं कायले बोलू? त्यानं बरोबर केलतं. झुंबर टांगल्यावर स्टुलावर चढला, टेस्टर लावला अन् मले बोलावून दाखवलं. म्हणे, मावशी, बटन बंद, करंट बंद, आता पोरानंबी हात लावला तं काही होत नाही."

"तू डोळ्यांनी पाहिलंस? टेस्टर पेटला नव्हता?"

"नव्हता."

बोलून झाल्यावर त्यांनी पदर तोंडात धरला. पोराच्या गळ्याला लागणारी गोष्ट आपणच सांगितली, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. संगीताबाईंना त्या क्षणी त्या बाईचा फार अभिमान वाटला आणि तेवढंच वाईटही वाटलं.

३

बैठकीत स्टूल अजून आडवं पडलेलं होतं. पोलिसांनी मेन बंद करून ठेवला होता. संगीताबाईंनी रबरी हातमोजे चढवले, कोरडी लाकडी शिडी मागवली आणि हवालदाराला मेन चालू करायला सांगितला. कूलर घरघरायला लागला. झुंबराचं बटण बंद होतं, ते त्यांनी स्वतः दोनदा दाबून खात्री करून घेतलं.

मग त्या वर चढल्या आणि रिकाम्या होल्डरला टेस्टर लावला.

टेस्टर लालेलाल पेटला.

"अरे बाप!" हवालदार मागे सरला. "बटन तं बंद आहे मॅडम!"

"बंद आहे. दिवा विझवण्यापुरतं बंद आहे," त्या म्हणाल्या. "हे बघा, बटण दिव्याकडे जाणाऱ्या करंटच्या वायरवर पाहिजे. इथे ते परतीच्या वायरवर बसलंय. परतीची वाट तोडली की दिवा विझतो, पण करंट वर होल्डरमध्ये येऊन उभाच असतो. हात लावणाऱ्याची वाट बघत."

म्हणजे कुणी बटण दाबलंच नव्हतं. भीमसिंगांनी ते बंद केलं, सगळे करतात तसा त्याच्यावर विश्वास ठेवला आणि वर चढले. शाम निर्दोष होता. पण हवालदार लगेच म्हणाला, "म्हणजे तो जमीर. त्याले उचलतो."

"थांबा जरा. जमीरने दाखवलं तेव्हा टेस्टर पेटला नव्हता, हे त्याच्या वतीने कोण सांगतंय? जिचा पोरगा ठाण्यात आहे ती आई. ती खोटं बोलली असती तर उलटं बोलली असती."

वायरिंग बरोबर होती. आता चूक होती. मधे कुणीतरी हात घातला होता.

४

जमीरला उचलायला जावंच लागलं नाही. तो आपणहून आला होता आणि बाहेर लिंबाखाली उकिडवा बसला होता. तरणाताठा माणूस, पण चेहरा राखेसारखा.

"मॅडम, मीच मारलं काकाले," संगीताबाई जवळ येताच तो म्हणाला. "लिहून घ्या."

"तू वायरिंग उलटी जोडलीस?"

"नाही. अल्ला कसम, सीधी जोडलती. पन दोन्ही वायर लाल टाकले न मी! परतीचा वायर काळा पायजे. अब्बानं पहिल्या दिवशी शिकवलतं."

"मग लाल काहून टाकला?"

जमीरने घराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी काळं बंडल घेऊन आलतो. मावशीनं उंबऱ्यावरच अडवलं. म्हणे, हळदीच्या घरात काळं आत येत नाही, वापस ने. मी लई समजावलं. काका हासले अन् म्हणे, जाऊ दे जमीर, तिचं मन मोडू नको, दुसरं लाल आन. तं मी आनलं. अन् मावशीले न दिसता परतीच्या वायरले बोर्डाच्या आत काळी पट्टी गुंडाळली. म्हटलं, पुढं कोनी उघडलं तं त्याले समजलं पायजे. भिंतीत गेल्यावर कोन पाह्यते?"

"कसली पट्टी?"

त्याने पिशवीतून वळकटी काढली. हल्लीची प्लॅस्टिकची चकचकीत टेप नव्हती ती. जुन्या चालीची, डांबरी वासाची कापडी पट्टी होती, आता फारशी मिळत नाही. त्याचे अब्बा तीच वापरायचे आणि तोही तीच शोधून आणायचा. त्याने सवयीने एक तुकडा दाताने फाडून दाखवला. टोक तिरपं फाटलं.

संगीताबाई आत गेल्या, मेन बंद केला आणि मागच्या खोलीचा बोर्ड उघडला. आत दोन लाल वायर होते आणि एकाला काळ्या कापडी पट्टीचे तीन-चार वेढे. स्वयंपाकघराच्या बोर्डातही तेच. मग बैठकीचा बोर्ड उघडला.

दोन लाल वायर. दोन्ही नागवे. पट्टी कुठेच नव्हती.

५

पॅनल बाबुलालने लावले होते. रंगही त्याचाच. पुसदच्या अर्ध्या बैठका आपणच सजवल्या असं तो सांगायचा, आणि काम खरंच सुरेख असायचं. त्याला बोलावून आणलं तेव्हा तो दारातूनच सुरू झाला.

"आपन बिजलीच्या कामाले हातच लावत नाही मॅडम. बोर्ड जसा होता तसाच. पॅनल फक्त आजूबाजूनं बसवला."

"आजूबाजूने? बरं." संगीताबाईंनी त्याला भिंतीपाशी नेलं. बोर्ड उघडाच होता. पॅनलला मागच्या वायरसाठी छिद्र पाडलेलं होतं, गोल, नेटकं, रुपयाच्या नाण्याएवढं. "हे छिद्र तूच पाडलंस?"

"हाव. मस्त झालं ना?"

"फार मस्त. आता ह्यातून हा बोर्ड काढून दाखव बरं."

बाबुलालने छिद्राकडे पाहिलं. मग हाताच्या पंजाएवढ्या बोर्डाकडे पाहिलं.

"नाही जात ना?" त्या म्हणाल्या. "पॅनल अखंड आहे, कुठे चीर नाही. आज बोर्ड पॅनलच्या वर आहे आणि वायर पॅनलच्या मागून येतात. वायर बोर्डातून सोडवल्याशिवाय, छिद्रातून ओवल्याशिवाय आणि पुन्हा जोडल्याशिवाय हे होतच नाही. जमीर तर त्याआधीच काम संपवून गेला होता. कुणी जोडले?"

बाबुलाल मटकन खाली बसला.

"म्या जोडले. जमीरले फोन लावलता, त्यो नेरले कामावर गेलता, म्हणे उद्या येतो. पॅनल तं अर्धा लागलेला. शेठ म्हणे, एवढ्याश्या कामासाठी कायले थांबता, जोडून टाक."

"आणि काळी पट्टी? ती तू काढलीस?"

"नाही! आईची आन, म्या नाही काढली. शेठनंच काढली."

हवालदार तडकला. "वा रे वा! मेलेल्या मानसावर ढकलून राह्यला? आत्ताच म्हणे हात लावला नाही, अन् आता शेठनं काढली?"

"मले भेव वाटलं म्हनून खोटं बोललो. पन हे खरं आहे साहेब. शेठ इथं उभे होते. पट्टी दिसली तं हासले. म्हणे, जमीरनं काळं घुसवलंच शेवटी, हंसाले दिसलं तं लग्नभर ऐकवंल. अन् आपल्या हातानं सोडून घेतली. म्या म्हटलं, शेठ, आता कोनता वायर कोनता? तं म्हणे, जोडून पाह्य, दिवा लागला तं बरोबर." बाबुलालने वर झुंबराकडे बोट केलं. "अन् लागला न मॅडम. पहिल्याच झटक्यात लागला. सारे टाळ्या वाजवून राह्यलते."

संगीताबाईंनी डोळे मिटून घेतले. दिवा दोन्ही तऱ्हांनी लागतो. सरळ जोडा, उलटा जोडा, उजेड तोच. पण एकदा खोटं बोललेल्या माणसाच्या शब्दावर त्या अहवाल लिहिणार नव्हत्या. बाबुलाल खरं बोलत असेल तर ती पट्टी भीमसिंगांच्या हातात होती. मग ती गेली कुठे?

आणि त्यांना सकाळपासून डोळ्यांसमोर असलेली वस्तू दिसली.

६

"याडी, तो चष्मा जरा देशील?"

हंसाबाईंनी तो छातीशी धरला. "हा नको मागू बाई. हा ठेवतो मी."

"तुझाच आहे. बघून परत देते. शामसाठी मागते."

तेव्हा त्यांनी दिला. संगीताबाईंनी काडीवरची काळी पट्टी बोटाने चाचपली. कापडी होती. नाकाशी नेली, डांबराचा वास आला. जमीरला आत बोलावलं, बाबुलाललाही. सगळ्यांसमोर त्यांनी ती हलक्या हाताने थोडी उलगडली. मोकळं टोक तिरपं, दाताने फाडलेलं. आतल्या टोकाला वायरएवढा बारीक वळसा अजून बसलेला होता, चष्म्याच्या चपट्या काडीवर तो कधीच पडला नसता.

जमीरने तोंडावर हात घेतला. "माहीच पट्टी आहे."

"घरात दुसरी कुणाकडे अशी पट्टी आहे का, याडी?"

"नाही. अन् ह्या घरात काळं म्या..." हंसाबाई बोलता बोलता थांबल्या.

संगीताबाईंना पुढचं सांगायचं नव्हतं. खून झाला असता तर सांगणं सोपं होतं, एक बोट उगारून मोकळं होता आलं असतं. इथे कुणाकडे बोट करायचं? बायकोचं मन राखणाऱ्या नवऱ्याकडे? तरी सांगणं भाग होतं. अर्धवट सांगितलं असतं तर उरलेलं तांड्याने पुरं केलं असतं, आणि शामच्या नावावर केलं असतं.

त्यांनी सावकाश, एकेक गोष्ट सांगितली. दोन लाल वायर. त्यातला कोणता कोणता हे सांगणारी एकच खूण, ही पट्टी. पॅनलसाठी वायर सुटले त्या दिवशी ती निघाली. मग बाबुलालने अंदाजाने जोडले आणि उलटे जुळले. उलटं जोडलेलं लागल्यावर सरळसारखंच दिसतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. भीमसिंगांनी बटण बंद केलं आणि होल्डरला हात लावला.

"शामने काही केलं नाही, याडी. तो मागच्या खोलीत होता म्हणतो, आणि ते खरं आहे. बटण कुणी दाबलंच नाही."

भुरीबाई दारात उभी होती, ती खाली मान घालून निघून गेली.

"म्हणजे माह्या शब्दावर गेले ते," हंसाबाई म्हणाल्या. आवाजात रडणं नव्हतं, ते ऐकवत नव्हतं. "म्या काळं नको म्हटलं. त्याहीनं माह्यापासून लपवलं. अन् काडीले बांधून मलेच दाखवलं, पाह्य कसा झाला. म्या हासलो बी."

"तू वायरिंग शिकली नव्हतीस, याडी. तुला नाही म्हणणं हे आमचं काम होतं. जमीरचं होतं. दिवा लागला म्हणजे बरोबर, असं न मानणं बाबुलालचं काम होतं. मी तसंच लिहिणार आहे. हलगर्जी झाली, खून झाला नाही. कुणाची किती ते कोर्ट पाहील."

जमीर पुढे आला आणि त्याने हंसाबाईंच्या पायांशी डोकं टेकलं. "मावशी, मी अडून बसाले पायजे होतं. तू घरातून हाकललं असतं तरी अडून बसाले पायजे होतं."

हंसाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. मागेही घेतला नाही. हात तसाच मधे राहिला.

७

दिवस मावळायच्या आत शाम घरी आला. ठाणेदारांनी त्याला स्वतः आणून सोडलं आणि ओशाळून बाहेरच्या बाहेर गाडी वळवली. लग्न पुढे गेलं होतं. व्याह्यांनी निरोप धाडला होता, सोयरीक कायम आहे, तुम्ही सावरा. आईच्या गळ्यात पडून तो लहान पोरासारखा रडला. पुसदला राहायचं नाव त्याने काढलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

संगीताबाई निघाल्या होत्या. चष्मा पुरावा म्हणून न्यावाच लागणार होता, तो त्यांनी पाकिटात घालताना हंसाबाई बघत होत्या.

"वापस भेटंल?"

"मी स्वतः आणून देईन, याडी."

"पट्टी काढू नका त्याची. तशीच राहू द्या."

मग त्या उठल्या. भीमसिंग गेल्यापासून पहिल्यांदाच उठल्या असाव्यात, शामने धरलं. उंबऱ्यापर्यंत आल्या. लिंबाखाली जमीर अजून बसलेला होता. घरी जायची त्याची हिंमत होत नव्हती.

"जमीर," त्यांनी हाक मारली. "ते काळं बंडल अजून आहे का तुह्यापाशी?"

तो गडबडीने उभा राहिला. "आहे मावशी. दुकानात पडलं आहे."

"घेऊन ये. ह्याच उंबऱ्यावरून आन, लपवू नको. एक एक लाल काढ अन् काळा टाक, भिंत फोडा लागली तं फोड." त्या क्षणभर थांबल्या, दाराच्या चौकटीला धरून. "सून येईन ह्या घरात. तिनं बटन बंद केलं तं ते बंद असलं पायजे."

जमीरने मान हलवली आणि सायकल काढली. शामने बैठकीत जाऊन आडवं पडलेलं स्टूल उचललं आणि भिंतीशी लावून ठेवलं.